सिम्युलेटरचा कंटाळा आलाय, विकून टाकू का?

स. न. वि. वि.

माझं वय 41. पुण्यात एका कंपनीत अमेरिकेतल्या क्लायंटचे सर्व्हर सांभाळतो. आठवड्यातल्या बहुतेक रात्री डॅशबोर्डवर नजर ठेवून बसायचं आणि काही लाल झालं की फोन फिरवायचे, असं काम. मूळ गाव चिपळूण. लहानपणी पायलट व्हायचं होतं, घरच्या परिस्थितीमुळे ते राहिलं. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये फ्लाइट सिम्युलेटरचा, म्हणजे कॉम्प्युटरवर विमान उडवायचा, नाद लागला. आधी साधी जॉयस्टिक, मग योक (विमानाचं स्टिअरिंग), रडर पेडल (पायाने नाक डावी-उजवीकडे वळवायला), एअरबससारखा थ्रॉटल क्वाड्रंट (इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारे दांडे), नवं ग्राफिक्स कार्ड असं करत करत लाखाच्या वर गेलो. एका व्हर्च्युअल एअरलाइनमध्ये, म्हणजे सिम उडवणाऱ्यांच्या ऑनलाइन गटात, आहे, तिथे कॅप्टनची रँक टिकवायला महिन्याला ठरावीक तास भरावे लागतात. शनिवारी एअरबसच्या ए320 या प्रवासी विमानाने मुंबई–दुबई करतो. पण गेलं वर्षभर मन लागत नाही. निम्मा शनिवार अपडेट आणि सेटिंगमध्ये जातो. विमान वर गेलं की ऑटोपायलट लावून मोबाइल बघत बसतो. टेकताना खाली येण्याच्या वेगाचा मिनिटाला 300 फुटांच्या वरचा आकडा आला की चिडचिड होते. हल्ली मेनूपर्यंत जातो आणि बंद करतो. बायको म्हणते, विकून टाका. दहा वर्षांचा मुलगा आधी खुर्चीमागे उभा राहून बघायचा, तोही आता येत नाही. गणपतीत आठ दिवस गावी होतो, सिमची आठवणही झाली नाही. फक्त परत येताना कुंभार्ली घाटात धुकं होतं, तेव्हा गमतीने मनात आलं की इथून छोटं सेसना विमान कसं काढायचं. विकू का? की नवीन काही घेतलं तर गोडी परत येईल?

— रनवेवरच थांबलेला, पुणे

नमस्कार,

नवीन काही घेऊ नका. हे आधीच सांगून टाकतो, कारण पत्राच्या शेवटच्या ओळीत तुमचा हात खिशाकडे गेलेला दिसतोय. विकण्याचं नंतर बोलू.

तुमची नोकरी आणि तुमचा शनिवार शेजारी शेजारी ठेवून बघा. नोकरीत पडद्यावर नजर ठेवायची, सगळं हिरवं असेल तर काही करायचं नाही, लाल झालं तर धावायचं. शनिवारी दुबईच्या वाटेवर पुन्हा पडद्यावर नजर, सगळं ठीक असेल तर काही करायचं नाही, आणि इशारा आला तर चेकलिस्ट काढायची. तुम्ही आठवडाभर पगारासाठी जे करता तेच सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या खर्चाने करताय. कंटाळा आला नसता तरच नवल.

नुसतं लक्ष ठेवणं हे माणसाला फार जड जाणारं काम आहे. दुसऱ्या महायुद्धात रडारच्या पडद्यासमोर बसलेल्यांकडून ठिपके निसटायला लागले, तेव्हा नॉर्मन मॅकवर्थ या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने प्रयोग केले आणि 1948 मध्ये ते प्रसिद्ध केले. आकडे नसलेल्या तबकडीवर एक काटा टिचक्या मारत फिरतो, मधूनच कधीतरी दुप्पट उडी घेतो, ती दिसली की कळ दाबायची. एवढंच काम, दोन तास. पहिल्या अर्ध्या तासातच लोकांच्या उड्या चुकायला लागल्या. तुमची दुबईची फेरी तीन तासांची आहे. मोबाइल हातात येतो तो आळसाने नव्हे, डोक्याला करायला काहीतरी हवं असतं म्हणून. खऱ्या ए320 मध्येही बराच वेळ हेच काम असतं, पण तिथे शेजारी दुसरा पायलट असतो, मागे दीडशेवर माणसं असतात आणि महिन्याच्या शेवटी पगार होतो. तुमच्या खोलीत यातलं काहीच नाही. तुम्ही त्या नोकरीतला फक्त कंटाळवाणा भाग उचलून घरी आणलाय.

आता थकव्याबद्दल. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये स्वीकारलेल्या आयसीडी-11 या आजारांच्या यादीत बर्नआउटची नोंद आहे. ती आजार म्हणून नाही, आणि कामाच्या जागेपुरतीच आहे. शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामापासून मन तुटणं किंवा त्याच्याविषयी कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं, ही त्याची तीन अंगं. तुमच्या पत्रात तिन्ही आहेत. फक्त ती तुम्ही सिमच्या खाती टाकलीत. माझ्या मते ती रात्रपाळीची आहेत आणि सिमपर्यंत ओघळत आलीत. गावी आठ दिवस आठवण झाली नाही याचं मला काही वाटलं नाही. वर्षाचं जागरण भरून काढणारा माणूस आठ दिवस झोपेल, जेवेल, आरतीला उभा राहील. तेवढ्यात विमान कुठून आठवणार? उलट मला हे विचारायचंय की गावी जेवणाची चव लागत होती का, माणसांत मिसळलात का. पत्रावरून तरी लागत होती आणि मिसळलात असं दिसतं. तसं नसेल, दोन-दोन आठवडे कशातच रस वाटत नसेल, सुट्टीतही झोप लागत नसेल, तर हा प्रश्न माझ्या सदराचा नाही. तेव्हा डॉक्टरांना भेटा. सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा नंबर दिवसरात्र चालू असतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.

व्हर्च्युअल एअरलाइन मात्र आजच सोडा. रजा टाकू नका, राजीनामाच द्या. 1973 मध्ये मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी अमेरिकेतल्या एका बालवाडीत गंमतशीर प्रयोग केला. ज्या मुलांना स्केचपेनने चित्रं काढायला मनापासून आवडत होतं त्यांतल्या काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्रक मिळेल. पत्रकं वाटून झाल्यावर थोड्या दिवसांनी वर्गात पुन्हा स्केचपेन ठेवले, तर हीच मुलं त्यांच्याकडे बाकीच्यांच्या निम्म्यानेच फिरकली. ज्यांना काहीच कबूल केलं नव्हतं ती आधीसारखीच चित्रं काढत होती. रँक, तास, खांद्यावरच्या पट्ट्या हे तुमचं प्रशस्तिपत्रक. ते टिकवायला उडवायला लागलात आणि उडवायची हौस तिथेच पातळ झाली. अशा एअरलाइनमध्ये रमणारे लोक मी ओळखतो, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ते दिवसभर माणसांत काम करून येतात आणि त्यांना संध्याकाळी शांत, ठरलेलं काहीतरी हवं असतं. तुम्हाला नेमकं उलट हवंय.

तो लँडिंग रेट, म्हणजे टेकतानाचा वेग, दाखवणारा छोटा प्रोग्रॅमही काढून टाका. पिसासारखं टेकवण्याच्या नादात लोक रनवेचा पहिला तुकडा तरंगत वाया घालवतात आणि मग अंक चांगला आला म्हणून खूश होतात. विमान टेकायला हवं ते ठरलेल्या पट्ट्यात, ठरलेल्या वेगाला. पावसात भिजलेल्या रनवेवर तर जरा ठणकावून टेकवणंच बरोबर, म्हणजे चाकाखालचं पाणी फुटतं आणि ब्रेकला पकड मिळते. तुमचे 300 फूट त्या दिवशी शहाणपणाचेही असू शकतात.

आता तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात आवडलेलं वाक्य, जे तुम्ही ‘फक्त’ आणि ‘गमतीने’ असे दोन शब्द लावून झाकलंत. कुंभार्ली घाटात धुकं होतं आणि तुम्हाला प्रश्न पडला. वर्षभरात तुम्हाला पडलेला हा उड्डाणाचा एकमेव खरा प्रश्न असावा. मग तो सोडवायला बसा की.

सेसना 172 घ्या, सिमबरोबर येते तीच. जीपीएस बंद, ऑटोपायलट बंद. रत्नागिरीहून सुटायचं आणि कराडला उतरायचं, मध्ये दाभोळ, चिपळूण आणि कुंभार्ली. सगळं मिळून सुमारे 95 नॉटिकल मैल, म्हणजे 100 नॉटने (तासाला 100 नॉटिकल मैल) तासाभराचा खेळ. रत्नागिरीची धावपट्टी सड्यावर, म्हणजे उंच सपाट माळावर आहे. उठलात की समुद्रावर जा, उत्तरेकडे वळा आणि 1500 फुटांवर किनारा उजव्या हाताला ठेवा. गणपतीपुळं येईल, मग जयगडला शास्त्रीचं रुंद तोंड, वेळणेश्वर, गुहागरची लांबलचक पुळण. साधारण वीस-एकवीस मिनिटांनी अंजनवेलच्या टोकाला दाभोळची खाडी उघडेल. खाड्या मोजत जा. एखादी चुकली तर पुढचं सगळं नावानिशी चुकतं, आणि ते खाली बघूनच दुरुस्त करावं लागतं. दाभोळला आत वळा आणि वाशिष्ठीला धरून गोवळकोटपर्यंत या. ही नदी तुम्हाला मी सांगायला नको.

खरं गणित इथून पुढे सुरू होतं. चिपळूण जवळजवळ समुद्रसपाटीला, समोर सह्याद्रीची भिंत, आसपासचे कडे 3000 फुटांच्या वर. डोंगराच्या धारेवरून निदान 1000 फूट मोकळे ठेवायचे तर 4500 फूट उंची लागते. तुम्ही 1500 ला आहात, म्हणजे 3000 फूट चढायचंय. सेसना मिनिटाला 600 फूट चढते असं धरा, तिचं मन चांगलं असलं तर. पाच मिनिटं झाली. चढताना वेग 75 नॉट, म्हणजे पाच मिनिटांत सव्वासहा मैल पुढे. चिपळूणहून घाटाच्या पायथ्याचं पोफळी सरळ रेषेत आठ-दहा मैल. जमतं, पण जेमतेम. शहर बघत बसलात, घर शोधलंत, शाळा शोधली आणि दोन मिनिटं उशिरा चढायला लागलात की पोफळीला पोचेपर्यंत समोरच्या काचेत नुसता कडा. म्हणून आधीच ठरवून ठेवा: पोफळीवर उंचीमापक 4500 दाखवत नसेल तर डावं-उजवं न बघता मागे वळायचं आणि चिपळूणवर गोल फिरून पुन्हा चढायचं. धारेला सरळ भिडू नका, तिरकं जा, 45 अंशांच्या आसपास, म्हणजे वेळ आली तर थोडक्या वळणात दरीकडे पळता येतं. वारा पश्चिमेचा असेल तर कोकणाच्या बाजूला तो तुम्हाला वर ढकलेल, तेव्हा खूश होऊ नका. धार ओलांडली की पलीकडे तोच वारा खाली दाबतो.

पलीकडे हेळवाकला कोयना पूर्वेकडे वळते. तिला धरून पाटण, आणि ती कृष्णेला मिळते तिथे कराड. धावपट्टी गावाच्या पश्चिमेला, संगमाच्या अलीकडेच. जमीन इथे जवळपास 1900 फुटांवर आहे हे विसरू नका. उंचीमापक समुद्रसपाटीपासून मोजतं, आणि किनाऱ्यावरून आलेला माणूस उतरताना सवयीने त्यावर 1000 बघायला जातो.

हे आधी स्वच्छ हवेत करा. जमलं की जुलैतलं हवामान लावा, ढग कड्यावर टेकवा आणि बघा काय होतं. बऱ्याचदा मागे फिरावं लागेल आणि रत्नागिरीलाच उतरावं लागेल. त्या दिवशी तुम्ही काहीही पूर्ण केलेलं नसेल, पण तासाभरात चार-पाच निर्णय स्वतः घेतलेले असतील. सर्व्हरच्या डॅशबोर्डवर आणि दुबईच्या वाटेवर तुम्हाला नेमकं हेच मिळत नाही.

शनिवारचे अपडेट? रविवारी रात्री लावून झोपा. उडताना फ्रेम्सचा (चित्र किती सफाईने हलतंय त्याचा) आकडा पडद्यावर नको. डोंगर ओळखू येतो ना, झालं. मायक्रोसॉफ्टचा पहिला फ्लाइट सिम्युलेटर 1982 मध्ये आला, ब्रूस आर्टविकने केलेला, तेव्हा सुरुवात व्हायची शिकागोच्या मेग्ज फील्डवरून आणि दिसायचं काय, तर मोजक्या रंगांतल्या रेघा. त्यावर लोकांनी रात्री काढल्या. (तो खरा विमानतळ 2003 च्या मार्चमध्ये महापौरांनी एका रात्रीत बुलडोझर लावून उखडला. जुने सिमवाले अजून हळहळतात आणि जुन्या आवृत्त्यांमध्ये तिथून उडतात.)

कराड जमलं की पुढचा महिनाभर पुरेल असं एक काम देतो. 15 ऑक्टोबर 1932 ला जे. आर. डी. टाटा कराचीच्या द्रिघ रोडवरून पुस मॉथ या एका इंजिनाच्या चिमुकल्या विमानातून टपाल घेऊन निघाले, अहमदाबादला इंधन घेतलं आणि दुपारी जुहूला उतरले. पुढचा मद्रासपर्यंतचा टप्पा नेव्हिल व्हिन्सेंट यांनी केला. रेडिओ नाही, नकाशा, होकायंत्र आणि घड्याळ एवढ्यावर. कराची ते अहमदाबाद सुमारे 320 नॉटिकल मैल, आणि त्यात कच्छचं रण, जिथे खाली ओळखायला काही म्हणजे काही नाही. 60 मैलांना 1 अंश चुकला तर 1 मैल बाजूला जातो हा पायलट लोकांचा तोंडी हिशेब. 3 अंश चुकलात तर अहमदाबाद 16 मैल बाजूला राहिलं, आणि स्वच्छ हवा नसेल तर ते दिसणारही नाही. तुम्ही हा पल्ला दोन-तीन बैठकांत तोडून करा, मध्येच सेव्ह करून झोपायला जायला हरकत नाही. 1982 मध्ये, वयाच्या 78 व्या वर्षी, टाटांनी तोच कराची–मुंबई प्रवास लेपर्ड मॉथमधून पुन्हा केला. त्यांना काही तास भरायचे नव्हते.

घरचं. बायको ‘विकून टाका’ म्हणाल्या ते यंत्राबद्दल आहे की शनिवारबद्दल, हे मला इथे बसून कळणार नाही, तुम्ही विचारा. माझा अंदाज शनिवारकडे झुकतो. रात्रपाळीच्या नवऱ्याचा एकच दिवस घरात उगवतो आणि त्या दिवशी तो हेडफोन लावून दुबईला जातो, हे कोणाला आवडेल? तासाभराचं उड्डाण, ठरलेल्या वेळेला, दार उघडं ठेवून. एवढ्याने बराच फरक पडावा.

मुलाला बोलावू नका, तो येईल. तीन तास ढगांवर स्थिर असलेलं विमान बघण्यात दहा वर्षांच्या पोराला काय रस? पण बाबा वाशिष्ठी शोधताहेत आणि सापडत नाही म्हटल्यावर तो बोट ठेवून सांगायला येतोच. आला की कागदावर काढलेला नकाशा आणि मनगटी घड्याळ त्याच्या हातात द्या आणि पुढची खाडी किती मिनिटांनी ते त्याला सांगू द्या. योक मागितला तर तोही द्या. विमान आपटेल. आपटू द्या, आणि लगेच चुका सांगायला लागू नका.

एवढं करूनही बसावंसं वाटलं नाही, तर झाकण घाला आणि उन्हाळ्यापर्यंत सोडून द्या. छंदाला हजेरीपट नसतो. फक्त पैसे वसूल व्हावेत म्हणून बसू नका. ते पैसे गेले, आणि वाईट गेले असंही नाही. लॉकडाऊनच्या त्या महिन्यांत त्यांनी तुम्हाला पुरेसं दिलंय.

आणि विकायचंच असेल तर तो थ्रॉटल क्वाड्रंट विका. एअरबसशिवाय त्याचा तुम्हाला फार उपयोग नाही आणि चांगल्या अवस्थेत असेपर्यंत त्याला गिऱ्हाईक मिळेल. योक आणि पेडल ठेवा. पेडल तर मुळीच विकू नका. एअरबस हवेत गेली की तुमचे पाय जवळजवळ रिकामेच असतात, म्हणून ती निरुपयोगी वाटत असतील. सेसना पूर्ण ताकदीने चढताना नाक डावीकडे ओढते, आणि चिपळूण ते पोफळी ती पाच मिनिटं उजवा पाय सतत दाबून धरावा लागतो.